शंखाचा सोमवार

गेवराईच्या बाजारात पूजासाहित्य विकणारे एक गृहस्थ आहेत. शटर वर केलं की आधी शंख फुंकतात, मग शाळेकडे निघालेल्या मला हात करतात. मी जीवशास्त्र शिकवतो आणि मला गप्प बसवत नाही.

एकदा बोलून गेलो, "मालक, शंख म्हणजे समुद्रातल्या गोगलगायीचं कवच. ती वाळूत दडून बसते आणि किडे शोधून खाते."

"वाळूत? मंग आमच्या वाळूच्या गेवराईचीच की!" ते हसले. मग चेहरा उतरला. "किडे खाते? सर, आमच्यात अंडं बी चालत न्हाई. आन् मी रोज तोंड लावतो!"

दुसऱ्या दिवशी प्रत्येक शंखावर ठिपका होता. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा असतो तसा, पण लाल, कुंकवाचा. बायांना वाटलं, पूजा झालीय. त्या हात जोडायला लागल्या.

"अवो मावशी, मांसाहारी हाय!" मालक कळवळून सांगायचे.

परवा शंख वाजलाच नाही. मी विचारलं, "का हो मालक?"

"सोमवार हाय. माझा बी उपास, गोगलगायीचा बी."

"अहो, ती कधीच मेलीय."

"जिती व्हती तवा तिला उपासाचं कुणी सांगितलंच न्हाई, सर."