डाव्या पायाचा डिपर

माझा डावा पाय माझ्यापेक्षा जुन्या वळणाचा आहे. बाकीचा मी मोबाईलवरून विजेचं बिल भरतो, नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलतो, पण गुडघ्याखालचा डावा भाग अजून वडिलांच्या जीपमध्येच बसलेला आहे. आसगावात आता हे सगळ्यांना ठाऊक झालंय. गेल्या कार्तिकात त्याची चर्चा पानठेल्यापर्यंत गेली. लोकांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगतो. तिखटमीठ मला जास्त चांगलं लावता येतं, हे पुढे कळेलच.

ती जीप वडिलांनी लिलावात घेतली होती. धानाची पोती, खताच्या गोण्या, बाळंतीण, नवरदेव, जे समोर येईल ते ती वाहायची. तिची अर्धी कामं पायाने होत. चावी फिरवून ती सुरू होत नसे. एक्सिलेटरच्या शेजारी एक लोखंडी बटन होतं, तोच स्टार्टर. तो उजव्या पायाने दाबायचा आणि त्याच पायाच्या कडेने एक्सिलेटरही दाबत राहायचं. डाव्या पायाला क्लच होताच, शिवाय क्लचच्या डावीकडे, खालच्या पत्र्यात, रुपयाएवढं गोल बटन होतं. तो डिपर. समोरून गाडी आली की डाव्या पायाने टक्क करून दाबायचा, दिवे खाली. गाडी गेली की पुन्हा टक्क, दिवे वर. स्टीअरिंग इतकं ढिलं होतं की दिव्यांसाठी हात सोडला असता तर जीप सरळ तलावाच्या पाळीवर चढली असती, त्यामुळे ही सोय मला फार शहाणपणाची वाटायची.

वडिलांचे नियम दोन. जीपमध्ये चप्पल घालून चढायचं नाही, ती लक्ष्मी आहे. आणि सुरू करण्याआधी खाली वाकून स्टार्टरला हात लावायचा, तो कपाळाला न्यायचा, मग त्याच बटनावर पाय ठेवायचा. मी हे इमानेइतबारे करत असे. लग्नानंतर बायको पहिल्यांदा शेजारी बसली, तिने माझं हे वाकणं पाहिलं आणि म्हणाली, "माणसाले पाय लागला तं तुमी मागं वळून पाहत नाही, अन् बटनाच्या पाया पडता?" तेव्हाच मी तिचा स्वभाव ओळखायला हवा होता. मी जीप ओळखण्यात गुंतलो होतो.

डिपरची एक खोड होती. पोत्यांतून सांडलेले धानाचे दाणे त्या बटनाच्या फटीत जाऊन बसत. हंगामात तर तिथे मूठभर धान निघायचं. मग बटन अडकायचं. वडील ओरडायचे, "हळू दाबशीन तं तो आयकत नाही. मार जोरानं!" म्हणून मी मारायला लागलो. पाय आधी क्लचची कड चाचपायचा, तिच्या डावीकडे उतरायचा आणि सणसणीत लाथ घालायचा. या लाथेचा मला एवढा अभिमान होता की नव्या ड्रायव्हरांना मी ती मुद्दाम करून दाखवत असे. आज ते ड्रायव्हर भेटले की मी दुसरीकडे बघतो.

जीप गेली. नंतरच्या गाडीत डिपर हाताशी, स्टीअरिंगच्या दांडीवर आला. हाताने तो शिकून घेतला, पायाने मात्र दखलच घेतली नाही. समोरून दिवे आले की हात आपलं काम करायचा आणि पायही आपलं. पंधरा वर्षांत क्लचच्या डावीकडच्या मॅटला भोक पडलं. मिस्त्रीने विचारलं, "भाऊ, इथं उंदीर लागला का?" मी हो म्हणालो. सोयीचा प्राणी पुढे करण्याची माझी सवय तशी जुनीच.

मागच्या दिवाळीत मुलाने नवी गाडी घेऊन दिली. तिला क्लच नाही, गिअर तिचे तीच टाकते. "बाबा, डाव्या पायाला कामच नाही, आराम करू द्या त्याला," असं सांगून तो पुण्याला निघून गेला. त्याच्या पायाला आराम जमत असेल. माझा पाय शेतकऱ्याचा आहे.

आता या गाडीत रोज कोण बसतं ते सांगायला हवं. बायको दिघोरीला शाळेत मुख्याध्यापिका आहे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. सकाळी तिला सोडायचं, संध्याकाळी आणायचं, हे माझं काम. शेती मी ठेक्याने देऊन टाकलीय, दुकान भाचा बघतो. घरात कुणी विचारलंच की तुमचा उपयोग काय, तर दाखवायला माझ्याकडे एवढंच आहे. आणि खरं सांगायचं तर त्या दोन फेऱ्यांतच आमचं बोलणं होतं. घरी ती वह्या तपासते आणि मी बातम्यांवर चिडतो.

त्या दिवशी तिची मीटिंग लांबली. निघालो तेव्हा दिवस बुडत होता. दोन्ही बाजूंना धान कापून पडलेलं, रस्त्यावर बैलबंड्या आणि ट्रॅक्टर. गाव जवळ आलं म्हणून तिने पट्टा काढला आणि पिशवी आवरायला लागली. तेवढ्यात समोरून ट्रक आला, दिवे पूर्ण वर. माझा हात डिपरकडे गेला. पायही निघाला. त्याने सवयीने क्लचची कड शोधली. कड लागेना. मग तो शोधत शोधत उजवीकडे सरकला आणि जे पहिलं पेडल लागलं त्यावर त्याने पस्तीस वर्षं जुनी लाथ घातली. ते ब्रेकचं होतं.

गाडी जागच्या जागी थिजली. बायकोचं कपाळ समोर आपटलं. मागून येणारा ट्रॅक्टर हातभर अंतरावर थांबला आणि त्याचा ड्रायव्हर धावत आला. "काय झालं, भाऊ?"

मी म्हणालो, "डुक्कर आडवं आलं."

का म्हणालो, देव जाणे. तोंडातून निघून गेलं. बायको कपाळाला पदर लावून बसली होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर रस्त्याकडे वळवली. ट्रक गेल्यावर समोरचा रस्ता रिकामा होता, तो तिलाही दिसत होता.

कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही म्हटलं. पण गावात कुणाला लागलं की बघायला यायची रीत आहे, आणि येणाऱ्याला हकिगत सांगावी लागते. पहिल्या दिवशी ते साधं रानडुक्कर होतं. दुसऱ्या दिवशी त्याला सुळे आले. साळा आला तेव्हा डुकराच्या मागे चार पिलंही निघाली, आणि मी स्वतःच्या जिवावर उदार होऊन ती वाचवली. बायको प्रत्येकाला चहा आणून देत होती, ऐकत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी पुसून उभा राहिलो, तर ती पिशवी घेऊन सरळ एसटी थांब्याकडे निघाली.

"काहून? गाडी आहे ना!"

"एसटीचा ड्रायव्हर खोटं तरी बोलत नाही," ती म्हणाली आणि गेली.

आठवडाभर ती एसटीने जात राहिली. मध्ये एकदा गाडी बदलावी लागायची, परतायला उशीर व्हायचा. मी आधी रागावलो, मग ठरवलं, दोष पायाचा आहे, पाय सुधारतो. रिकाम्या खळ्यात गाडी नेली आणि डावा पाय जेवायला बसल्यासारखा मांडी घालून सीटवर ठेवला. अशा अर्ध्या मांडीने मी खळ्यात गोल गोल फेऱ्या मारू लागलो. शेजारच्या बायका धान वाळवता वाळवता बघत होत्या. एकीने विचारलं, "भाऊजी, आता गाडीतच जेवाले वाढाचं का?" अर्ध्या तासाने पायाला अशा मुंग्या आल्या की उतरताना मी मेलेल्या पायावर उभा राहिलो आणि त्यांच्या वाळत घातलेल्या धानात आडवा झालो. पण मी सोडलं नाही. रोज गेलो. मुंग्या परवडल्या, सकाळचा तो रिकामा शेजार परवडत नव्हता. दिघोरीच्या वाटेवर ती शाळेतल्या पोरांच्या गमती सांगायची, आणि मी निम्म्या न ऐकता हुं हुं करायचो. त्या निम्म्या न ऐकलेल्यांचं मला आता फार वाईट वाटायला लागलं.

रविवारी शेजारचे काका आले. ते वनखात्यात वनरक्षक होते, आता निवृत्त आहेत आणि कुणाला तरी मदत केल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही. हातात फॉर्म होता. "जंगली जनावरानं इजा झाली तं अर्ज करता येते. मी भरून देतो." मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी चष्मा लावला.

"डुक्कर नर का मादी?"

"अंधार होता."

"मंग सुळे कसे दिसले?"

"दिव्यात."

"कोणत्या बाजूनं आलं?"

मी डावीकडे बोट दाखवलं. निदान ते तरी खरं होतं.

त्यांनी सगळं सुवाच्य अक्षरात भरलं. उद्या जागेवर जाऊन पाहणी करू, म्हणाले. मग म्हणाले, "इथं जखमीची सही पाह्यजे. बोलवा सूनबाईले."

ती पदराला हात पुसत आली. चष्मा लावला. मास्तरांचे रजेचे अर्ज वाचते तसा तो फॉर्म तिने वरपासून खालपर्यंत वाचला. आयुष्यात तिने खोट्या कागदावर सही केलेली नाही. पटसंख्येवरून एका साहेबाशी तिने वर्षभर वैर घेतलं होतं. तिने पेन उघडलं, कागदाच्या तळाशी टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"करू सही?"

तिने नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी चिडलो असतो, सुटलो असतो. पण ती खरंच विचारत होती. काकांसमोर माझी लाज राखायची असेल तर ती सही करणार होती, हे मला तिच्या तोंडावर दिसलं.

"नको करू," मी म्हणालो. "डुक्कर नव्हतं, काका. माझा पाय होता."

मग मी सगळं सांगितलं. डिपर, धानाचे दाणे, लाथ, कड. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढला, फॉर्मची घडी केली. "पायासाठी आमच्याकडं फॉर्म नाही," म्हणाले आणि चहा न घेता उठले. संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर पोरं मला पाहून जमिनीवर टाच आपटत होती. मला तितकंसं लागलं नाही. माझं लक्ष दुसरीकडेच होतं. बायको उद्या थांब्याकडे जाते की गाडीकडे येते, याच्याकडे.

सोमवारी सकाळी ती अंगणात आली, थांब्याकडे न जाता गाडीशी उभी राहिली. मी दार उघडलं. ती बसली, पट्टा लावला, आणि पहिल्याच वळणावर सहावीतल्या एका पोराची गंमत सांगायला लागली. मी अख्खी ऐकली. तशी ती काही एवढी गमतीची नव्हती, पण मी पोटभर हसलो.

परतताना दिवस बुडालाच होता. समोरून ट्रक आला. माझा हात दांडीकडे गेला आणि त्याच क्षणी तिने वाकून माझा डावा गुडघा दाबून धरला. ट्रक निघून गेला तरी हात तिथेच होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"उठून रायला होता," ती म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत तिने मला हात लावल्याचं मला आठवत नाही. तेव्हापासून हे रोजचं झालं. समोर दिवे दिसले की तिचा हात येतो, कधी बोलणं चालू असतानाही येतो. त्या दिवशी पाय खरंच उठला होता. पुढेही आठ-दहा दिवस उठत होता. आता महिने झाले, तो निमूट पडलेला असतो, ट्रक येवो की बस. खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलंय, आणि तिने विचारलं तर सांगेनही. पण तिने अजून विचारलेलं नाही.