शेजारच्या खाटेवरच्या आक्का

आक्का माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी पाय. सांगलीच्या दवाखान्यात मला त्यांच्या शेजारची खाट मिळाली तेव्हाही माझ्या बँडेजकडे बघतच त्या म्हणाल्या, "नडगी व्हय? माझी बी नडगीच." नाव-गाव मग विचारलं. त्या माणकडच्या मेंढपाळ. उभा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला.

माझी नडगी स्कूटरवरून पडून मोडली होती. आत सळई घातली आणि तिथंच जंतू शिरले. आक्कांची दोन वर्षांपूर्वी गाडीच्या धडकेनं मोडलेली. दुखणं एकच, म्हणून डॉक्टर दोघींना एकदमच समजावत. हे जंतू हाडाच्या पेशींच्या आत जाऊन दडतात. नेहमीचं औषध बाहेरच्यांना मारतं, आतल्यांपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून जोडीला आत शिरणारी एक गोळी, आणि तीही कित्येक महिने. मला निम्मंच कळलं. आक्का म्हणाल्या, "म्हंजे लांडगा वाघरीच्या आत शिरून बसलाय. भाईर कुत्री ठिवून काय उपेग?" वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, हे मग त्यांनीच मला सांगितलं.

त्या गोळीनं लघवी लाल व्हायची, डोळ्यांतलं पाणीसुद्धा केशरी. एका दुपारी आक्कांच्या उशीवर मला तसले डाग दिसले. माझी नजर गेलेली पाहून त्या म्हणाल्या, "ह्या गोळीनं चोरून रडायची सोय बी ठिवली न्हाई बघ." आणि मग सांगू लागल्या. पहिल्या खेपेलाही हीच गोळी दिली होती. दीड महिन्यात जखम सुकली. दिवाळी झाली, मेंढरं कोकणात निघायची वेळ आली. गोळीनं मळमळायचं, चालवायचं नाही. "जखम वाळली, मला वाटलं बरं झालं. दिल्या सोडून. मेंढरं कुनासाठी थांबत्यात व्हय?"

आठवड्याभरानं, तपासायला काढलेल्या हाडाच्या तुकड्याचा रिपोर्ट आला. आक्कांच्या जंतूंवर ती गोळी आता चालत नव्हती. अर्धवट सोडल्यामुळं ते तिला सरावले होते. दुसरी औषधं देऊन पाहिली, पण ताप हटेना. शेवटी पाय गुडघ्याच्या वरून काढायचं ठरलं. आक्कांनी कागदावर अंगठा उठवला. चादर सारून त्या पायाकडे बघत राहिल्या.

ऑपरेशनला नेताना त्यांनी ट्रॉली माझ्या खाटेशी थांबवायला लावली.

"गोळी घेतलीस?"

"घेते, आक्का."

"घेते न्हवं. माझ्यादेखत घे."

मी घेतली. मग त्यांनी हात हलवला आणि ट्रॉली पुढं गेली.

आम्ही आपापल्या घरी गेलो, तरी रोज सकाळी सुनेच्या मोबाइलवरून त्यांचा फोन यायचा, "गोळी घेतलीस?" मला मळमळायचं, शाळेत शिकवता शिकवता भोवळ यायची, एखादी गोळी टाळावीशी वाटायची. पण आक्कांना खोटं सांगवत नसे. मेंढरं विकल्याचं मला सुनेकडून कळलं. त्यांनी स्वतः त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

शेवटी एकदा मी म्हणाले, "आजची शेवटची गोळी, आक्का. डॉक्टर म्हणाले, हाड छान भरून आलं."

 त्या म्हणाल्या, "लय ब्येस झालं, पोरी. मग आता फोन कशाला करू?"

करा की, रोज करा, असं म्हणायला हवं होतं. पण मी शाळेच्या घाईत होते. "जपा, आक्का," म्हणाले आणि फोन ठेवला.

असेच चार-पाच महिने गेले. एका रविवारी मीच फोन लावला, तर सून म्हणाली, आक्का जाऊन पंधरा दिवस झाले. खाणंच सोडलं होतं त्यांनी.

"तुमी करायला पायजे हुता, ताई. रोज सकाळी फोन मांडीवर घिऊन बसायच्या. मी म्हनायची, लावून दिऊ का? तर म्हनायच्या, 'नगं. तिची गोळी संपली. आता तिला काय इचारू?'"