विहीणबाईंचं आजारपण

माझी आत्या घड्याळं दुरुस्त करते. तळहाताएवढ्या दुकानात, डोळ्याला भिंग लावून, चाळीस वर्षं. माझ्यावर ओरडल्याशिवाय तिचा दिवस मावळत नाही. अशा बाईच्या टेबलावर काचेच्या पेटीत टॅरँट्युला जातीची केसाळ कोळीण राहते याचं गिऱ्हाइकांना नवल वाटतं. मला नवलबिवल वाटत नाही, नुसती भीती वाटते.

ती मूळची माझ्या आतेभावाची. घड्याळांच्या धंद्यात यायचं नाही म्हणून त्याचं आईशी वाजलं आणि तो दुसऱ्या गावी निघून गेला. तिथल्या घरमालकाला आठ पायांची भाडेकरू नको होती, म्हणून ही इथेच राहिली. आत्या तिला विहीणबाई म्हणते. कोपऱ्यात बसायचं, बोलायचं नाही आणि वाढलेलं पसंत नसलं की पाठ फिरवायची! दर रविवारी भावाचा फोन येतो. "ती जेवली?" "जेवली." "पाणी?" "भरलंय." "बरं." दोन वर्षं मायलेकांचं बोलणं ते एवढंच, आणि तेवढ्यासाठी आत्या सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसते.

म्हणून मागच्या महिन्यात विहीणबाई नाकतोड्याला तोंड लावेनाशा झाल्या, तेव्हा आत्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"ही गेली तर तो फोन कशाला करेल गं?"

"तुझ्यासाठी करेल."

"वेडी आहेस."

मंगळवारी दुपारी विहीणबाई उताण्या पडलेल्या दिसल्या. मी किंचाळले. आत्या भिंग लावून वाकली. "मेली नाही, कात टाकतेय. पण मागचा पाय जुन्या सालीत अडकलाय." अडकलेलं काही दिसलं की आत्याचा हात तिला विचारत नाही. सुईच्या टोकावर घड्याळाच्या तेलाचा थेंब घेतला आणि टेकवला सांध्यावर. मग मात्र तिला दरदरून घाम फुटला आणि तिने आपणहून मुलाला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"तेल?" तो इतका ओरडला की मला दारापाशी ऐकू आलं. "आई, ती काय भिंतीवरचं घड्याळ आहे? पोटाखालून श्वास घेते ती! तिथे तेल गेलं तर संपलं. कापसाने टिप आधी!"

"टिपते रे! आईवर ओरडतोस काय!"

पुढे तीन तास व्हिडिओ चालू. मी लांबूनच हात ताणून फोन धरलेला, आत्या कोमट पाण्यात बुडवलेला कुंचला सालीवर फिरवतेय, आणि भाऊ तिकडून "हळू, ओढू नकोस" करतोय. घड्याळ न्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं घड्याळ विसरून थांबली. पोस्टमनने पत्रं ठेवली, न सांगता पंखा बंद केला आणि तोही वाकून बघू लागला. अखेर ओल्या मोज्यातून निघावा तसा पाय सुटला. दुकानात टाळ्या पडल्या. आत्याने आनंदाच्या भरात पोस्टमनच्या पाठीत धपाटा घातला. मी पेटीपासून हातभर अंतरावर नाचत होते. मी!

कातीबरोबर दातही नवे येतात; ते घट्ट व्हायला दोन आठवडे गेले. मग एका सकाळी विहीणबाईंनी अख्खा नाकतोडा मटकावला. आत्याने लगेच फोन लावला.

"वा! ठणठणीत झाली म्हणायची," भाऊ म्हणाला. "मग या रविवारी येऊन घेऊन जातो. नवीन घरमालक हो म्हणालाय."

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. मला इतकं वाईट वाटलं की त्या क्षणी विहीणबाईंना मी स्वतः पदराआड लपवलं असतं.

"दुरुस्त झालेला माल मी लगेच देत नाही," आत्या म्हणाली. "चालवून बघावा लागतो."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही. दुखणं जुनं आहे."

तिकडे भाऊ हसला. "बरं. मग दर रविवारी येऊन बघून जाईन. चालेल?"

"रविवारी दुकान बंद असतं. घरी ये. जेवायलाच ये."

विहीणबाईंची पेटी तर दुकानात असते. मी ते बोलणारच होते, पण आत्याने भरलेले डोळे असे काही वटारले की मी मुकाट नाकतोड्यांचा डबा आवरायला घेतला.