ॲसिडनंतरचा चहा

रानातले दगड कितीही वेचा, पुढच्या नांगरटीला नवे वर येतातच. आमच्या शेडमधल्या किश्शांचंही तसंच. कोरेगावजवळ आमच्या रानात थोरल्या भावानं, दादानं, ही शेड उभारली. पाइपात खताचं पाणी, त्यावर लेट्युस, म्हणजे सॅलडचा पाला. माती नाहीच! दादाला जाऊन दोन महिने झाले. मी आठवी नापास. आता शेड माझ्याकडे आहे.

*

आमचे चुलते तात्या फौजेतून रिटायर. दादा त्यांना समजावत होता, "पीएच म्हंजे पाण्याच्या आंबटपणाचा आकडा, कमी तेवढं आंबट. विहिरीच्या पाण्याचा पीएच आठ हाय, झाडाला सहा लागतो. चढला तर खत समोर असून झाडाला खाता येत न्हाई."

तात्या म्हणाले, "म्हंजे ताट वाढलंय आन तोंड बांधलंय!"

पुढं दादा प्रत्येक पाहुण्याला हेच वाक्य स्वतःचं म्हणून सांगायचा.

*

पीएच उतरवायला थेंबथेंब ॲसिड घालतात. मी एकदा अख्खा मग ओतला! पीएच तीन. टाकी रिकामी करत दादा म्हणाला, "गड्या, झाडं वाढवायचीत, बॅटरी भरायची न्हाई!"

तेव्हापासून नियम झाला. ॲसिड घालून ढवळलं की आधी चहा. ॲसिड पाण्यात नीट मिसळायला तेवढा वेळ लागतो, म्हणून कप संपेपर्यंत पीएच मोजायच्या मीटरला हात लावायचा नाही.

*

आईला ॲसिड पटेना. तिनं गुपचूप टाकीत चिंचेचा कोळ ओतला. "आंबटच पायजे न्हवं? मग घरचं घाला की!"

फिल्टर तुंबला, शेडभर आमटीचा वास. दादा म्हणाला, "आई, फोडणी तेवढी राहिली!"

*

दादा गेल्यावर पंधरा दिवस मी शेडकडे फिरकलो नाही. आई टाकीत नुसतं विहिरीचं पाणी भरत राहिली. गेलो तर कोवळी पानं पिवळी, आणि मीटर म्हणतोय सहा! रागानं तो भिंतीवर आपटणारच होतो. मग दादाचं बोलणं आठवलं, मीटरचं टोक वाळू द्यायचं नसतं. टोक रात्रभर भिजवलं, मग ठरावीक पीएचच्या द्रावणात बुडवून मीटरचा आकडा जुळवून घेतला. खरा आकडा आठ.

"तात्या, मीटर खोटं बोलत हुता!"

"मग तुझ्यावर गेलाय! रविवारपत्तुर सहा दाखव. न्हाईतर ट्रॅक्टर आणतो, शेड मोडून ऊस लावू."

*

रविवारी सकाळी मोजून ॲसिड घातलं, ढवळलं. आई चहा घेऊन आली. सवयीनं दोन कप. तिच्या लक्षात आलं, ती खाली बघायला लागली. मी माझा कप घाईनं संपवला. मीटर सात.

अजून थोडं घातलं, ढवळलं आणि लगेच मीटर उचलला. आईनं मनगट धरलं.

"नियम काय हाय?"

"चहा संपला की, आई."

तिनं दुसरा कप पुढं केला. "ह्यो हाय न्हवं."

सावकाश प्यालो. मीटर बुडवला. सहा!

बांधावरून तात्या ओरडले, "काय रं, आणू का ट्रॅक्टर?"

आईच बोलली, "आवं भावजी, ट्रॅक्टर ऱ्हाऊ द्या. साखर आणा!"