व्हिलनने हसायचं असतं

टँकरलॉबीविरुद्ध आम्ही ठाकुर्ली स्टेशनबाहेर पथनाट्य करत होतो. टँकरवाला मी. घसा फुटेस्तोवर ओरडलो, पण पाण्याच्या निवेदनावर एकही सही नाही! पहिल्या रांगेतल्या अनोळखी मावशींनी हातवारे करत मला झापलं, "हल्लीचे हिरो आई मेली तरी इस्त्री केलेला चेहरा घेऊन फिरतात. आणि तू नुसते डोळे वटारतोस! जुने व्हिलन गोड हसायचे रे, अंगावर काटा यायचा. टँकरवाला चिडेल कशाला? त्याचं मस्त चाललंय!"

चळवळ म्हणजे काय सिनेमा आहे? मी भडकलोच. तरी पुढच्या खेळात, बायका रिकामे हंडे आपटत असताना, मी कंगव्याने भांग पाडत हसलो. लोक शिव्या घालू लागले. पहिली चप्पल मावशींचीच आली.

मग त्या लंगडत आल्या. "चप्पल दे मेल्या. आणि सही कुठे करायची?"