तिचं निवळ पाणी

जानेफळच्या बाजारात ती फरशी पुसायचं पाणी विकायची. ब्लिचिंग पावडर आणि धुण्याचा सोडा घरीच पाण्यात कालवायची, गाळ बसला की वरचं निवळ बाटल्यांत भरायची. प्रत्येकीला बजावायची, "यात ॲसिड टाकू नका बाई, जीव घुसमटते."

माझ्या दुकानातल्या कंपनीच्या बाटल्या पडून राहू लागल्या, तेव्हा मीच उठवलं, की तिच्या पाण्यानं फरशी खराब होते. तिचं गिऱ्हाईक तुटलं. वर्षभरानं एकदाचं तिच्यासमोर कबूल केलं.

बाटलीचं बूच आवळत ती म्हणाली, "मले मालूम होतं, भाऊ. पण पावडर तुमच्याच दुकानाची हाये, हे म्या कोणालेच नाही सांगतलं. तुमचंबी गिऱ्हाईक तुटलं असतं."

आता तिच्या बाटल्या माझ्या फळीवर पुढे असतात. कोणी शंका काढली, तर मी माझ्याच दुकानाची फरशी दाखवतो.