रेमिशच्या पुलावरून

लक्झेंबर्गच्या विमानतळाबाहेर बसमध्ये चढल्यावर मी तिकिटासाठी पर्स उघडली, तशी माझी मुलगी म्हणाली, "आई, ठेव ती आत. इथे बस, ट्राम, ट्रेन सगळं फुकट." मी पर्स मिटली, पण तिकीट काढलं नाही ही धाकधूक रेमिश येईपर्यंत गेली नाही.

घणसोलीचा फ्लॅट बंद करून मी महिन्याभरासाठी स्नेहलकडे आले होते. महाप्याच्या आयटी पार्कातली नोकरी सोडून ती या देशात आली, त्याला आता पाच वर्षं होत आली. देश केवढा, तर सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाआधी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचावं एवढा. रेमिश हे त्याच्या कडेचं गाव. उतारावर द्राक्षांचे मळे, खाली मोझेल नदी आणि नदीवर एक पूल. "पुलापलीकडे जर्मनी," स्नेहलने सांगितलं. वाशीच्या पुलावरून मी तिला लहानपणी मानखुर्द दाखवायची, तितक्याच सहज.

शेजारच्या जुन्या घरात मार्गो नावाच्या बाई एकट्या राहत. वय ऐंशीच्या घरात, पाठ ताठ. दुसऱ्याच दिवशी त्या कुंपणापाशी आल्या आणि "मोयेन" (नमस्कार) म्हणून गरम वड्यांची थाळी माझ्या हातात दिली. किसलेला बटाटा, कांदा आणि अंडं घालून तळलेल्या त्या वड्या सफरचंदाच्या गोड चटणीशी खातात. मी चटणी बाजूला सारली आणि घरून आणलेला मिरचीचा ठेचा लावला. मार्गोबाईंनीही बोटभर चाखला, डोळे पुसले आणि पुन्हा मागितला.

स्नेहल त्यांच्याशी त्यांच्या भाषेत, लक्झेंबर्गिशमध्ये, अडखळत बोलायची. इथे फ्रेंच आणि जर्मनही सरकारी कामात चालतात, पण नागरिकत्व हवं असेल तर लक्झेंबर्गिशची परीक्षा द्यावी लागते. हे मला तिथे पोचल्यावर कळलं.

"म्हणजे तू परीक्षा देणार?"

"पुढच्या आठवड्यात आहे. पास झाले की अर्ज करेन."

"आणि आपला पासपोर्ट?"

"तो सोडावा लागतो, आई."

भांडी विसळून झाली होती, तरी मी ती पुन्हा विसळत राहिले.

एका सकाळी मी मार्गोबाईंबरोबर पाव आणायला बेकरीत गेले. त्यांनी आपल्या भाषेत पाव मागितला. काउंटरवरची मुलगी ओशाळून हसली आणि फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली. मार्गोबाई थांबल्या, मग त्यांनीही फ्रेंचमध्ये मागितला. संध्याकाळी त्यांनी स्नेहलला ते सांगितलं, आणि स्नेहलने मला. ती मुलगी फ्रान्समध्ये राहते, अंधारात उठून रोज सीमा ओलांडून कामाला येते. वागायला फार गोड. तिच्यावर राग कसला धरायचा? "पण माझ्याच गावात," मार्गोबाई म्हणाल्या, "पाव मागायला मला पाहुणीसारखं बोलावं लागतं."

दुसऱ्या दिवशी मी बागेत बसून माझ्या थोरल्या बहिणीशी, मंगलशी, फोनवर बोलत होते. ती अजून घणसोलीजवळच्या आमच्या माहेरच्या तळवली गावातच राहते. "मना गमत नाय गो," मी तिला म्हटलं (मला करमत नाही). फोन ठेवला तर मार्गोबाई कुंपणापाशी उभ्या. त्यांनी स्नेहलला हाक मारून विचारलं, "तुझी आई तुझ्याशी बोलते ती भाषा ही नव्हे ना?"

मला आश्चर्य वाटलं. नव्हेच ती. माझे यजमान साताऱ्याचे, त्यामुळे आमच्या घरात त्यांच्या वळणाची मराठी रुळली. माहेरची आगरी बोली मंगलपुरती राहिली. वडिलांची भातशेती होती तिथे आता इमारतींचा सेक्टर आहे. आम्ही कुठे गेलो नाही, पण भोवतीचं बोलणं बदलत गेलं. स्नेहलने हे सगळं तिच्या तुटक भाषेत सांगितलं. मार्गोबाईंनी 'गमत नाय' चा अर्थ विचारला आणि आपला शब्द सांगितला, "हेमवेई." घराची दुखणारी ओढ.

मग त्यांनी सांगितलं, की त्याही जाणार आहेत. मुलगा नोकरी इथेच करतो, पण इथल्या किमतीत घर परवडेना म्हणून त्याने पुलापलीकडे, जर्मनीत घर घेतलं. त्यांना आता एकटीने राहणं झेपत नव्हतं. हे घर विकलं होतं. ते पाडून फ्लॅट बांधणार होते.

स्नेहल परीक्षा पास झाली त्याच आठवड्यात मार्गोबाईंचं सामान हललं. त्यांनी आम्हाला नदीकाठच्या खाणावळीत जेवायला नेलं. मोझेलमधले छोटे मासे अख्खे तळलेले, हाताने खायचे. थेट मांदेली. आम्ही तिघी काटे काढत बसलो. जेवण झाल्यावर न्यायला आलेल्या मुलाच्या गाडीत न बसता त्या म्हणाल्या, "मी चालत जाते." आम्हीही निघालो.

पुलावर ना चौकी, ना पोलीस. मध्यावर मार्गोबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि मागे पाहत राहिल्या. मग स्नेहलचा हात हातात घेऊन त्यांनी हळू काहीतरी म्हटलं. स्नेहल रडायला लागली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मी निघाले. आता ही भाषा तू बोलत राहा."

माझ्या मनात आलं, माझ्या बोलीबद्दल हे मी माझ्या लेकीला सांगायला हवं होतं. पण तिचा हात त्या बाईंच्या हातात होता आणि मला ते वाईटही वाटत नव्हतं. मी तिची पर्स धरून उभी राहिले.

घणसोलीला परतून पंधरा दिवस झाले असतील, तेव्हा स्नेहलचा फोन आला. मार्गोबाई खुशीत होत्या. जर्मनीतल्या त्या गावात, त्यांच्याच गल्लीत, घर परवडेना म्हणून आलेली त्यांच्या देशातली बरीच कुटुंबं निघाली. तिथली बोलीही त्यांच्या भाषेच्या जवळची, त्यामुळे सकाळी बेकरीत त्या आता आपल्या भाषेत पाव मागतात.

ते ऐकून मला बरं वाटलं. त्यांना पलीकडे एक गाव मिळालं. आमच्या बोलीला असं पलीकडे कुठे काही नाही, जे आहे ते इथेच.

रविवारी मी मंगलकडे गेले. आम्ही दुपारभर बोलत बसलो. चहा घेऊन आलेली तिची नातसून, नुकतीच लग्न होऊन आलेली नाशिकची मुलगी, थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही दोघी बोलता ना, छान वाटतं ऐकायला. फक्त कळत नाही काही."

मंगल हसली. तिने मुलीला हाताला धरून आमच्यामध्ये बसवलं आणि म्हणाली, "बस गो. कलंल."